अनरिअल : एका इंजिनाचा आणि त्यावरच्या खेळांचा पसारा

चाकणच्या कारखान्यातून कुशाक, टायगून, स्लाव्हिया, व्हर्टस आणि अलीकडची कायलॅक या गाड्या बाहेर पडतात. काही स्कोडाच्या, काही फोक्सवॅगनच्या. रस्त्यावर त्या वेगळ्या दिसतात, वेगळ्या शोरूममध्ये विकल्या जातात, पण सगळ्यांच्या अंगाखाली एकच प्लॅटफॉर्म असतो. भोसरी-तळवडे-चाकण पट्ट्यात काम करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. सांगाडा, स्टिअरिंगची मांडणी, वायरिंगचं जाळं एकदा नीट बसवलं की प्रत्येक नव्या गाडीसाठी ते शून्यातून करायचं नसतं, हे तिथल्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असतं. व्हिडिओ गेमच्या धंद्यात हाच विचार गेम इंजिनाच्या रूपानं रुजला. त्यातल्या सर्वांत प्रभावी इंजिनाची, म्हणजे 'अनरिअल'ची, आणि त्यावर उभ्या राहिलेल्या खेळांची हकिकत या पुस्तकात आली आहे.

इंजिन नेमकं काय करतं, हे आधी सांगायला हवं. पडद्यावर एक मुलगी भिंतीवरून उडी मारते तेव्हा संगणकाला सेकंदाला साठ चित्रं काढायची असतात. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बटण दाबलं गेलं का ते पाहायचं, तिचा पाय कुठल्या दगडावर टेकला ते मोजायचं, मशालीचा उजेड तिच्या कुठल्या गालावर पडेल ते ठरवायचं, पावलांचा आवाज द्यायचा, शत्रूला हलवायचं आणि मग सगळं रंगवून पडद्यावर आणायचं. ही कामं हजारो खेळांना सारखीच लागतात. ती करणारा कोड एकत्र बांधला आणि त्याच्या जोडीला चित्रकारानं, संगीतकारानं, कथाकारानं वापरायची साधनं दिली की इंजिन तयार होतं.

सुरुवातीच्या खेळांना अशी चैन नव्हती. १९८० च्या दशकात बहुतेक खेळ एकेका यंत्रासाठी लिहिले जात आणि नव्या खेळासाठी बरंचसं काम पुन्हा करावं लागे. वळण आलं ते डिसेंबर १९९३ मध्ये, टेक्सासच्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं 'डूम' बाजारात आणला तेव्हा. जॉन कारमॅक यांनी खेळ चालवणारा कोड एका बाजूला आणि नकाशे, राक्षस, आवाज यांची माहिती दुसऱ्या बाजूला ठेवली होती. त्यामुळे माहिती बदलली की त्याच कोडवर दुसरा खेळ उभा राहू शकत होता. रेव्हन सॉफ्टवेअरनं १९९४ मध्ये डूमच्याच इंजिनावर 'हेरेटिक' केला. इडच्या १९९६ मधल्या 'क्वेक'चं इंजिन परवान्यावर घेऊन, त्यात भरपूर बदल करून व्हॉल्व्ह कंपनीनं १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' घडवला. इडनं पुढे जुन्या इंजिनांचा कोड लोकांसाठी खुला केला: डूमचा १९९७ मध्ये, क्वेकचा १९९९ मध्ये. आज गेम प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं तो कोड अजून वाचतात. या क्षेत्राला लाभलेल्या मोठ्या देणग्यांपैकी ती एक आहे.

अनरिअलचा जन्म मात्र वेगळ्या स्वभावातून झाला. टिम स्वीनी मेरीलँड विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होते. १९९१ मध्ये पोटोमॅक इथल्या आईवडिलांच्या घरातून त्यांनी 'झेडझेडटी' हा खेळ टपालानं विकायला सुरुवात केली. त्यात चित्रं नव्हती. अक्षरं आणि चिन्हं यांच्याच भिंती, वाघ आणि किल्ल्या. खरं म्हणजे स्वीनी आधी मजकूर लिहिण्याचं एक एडिटर तयार करत होते आणि त्यातून खेळ निघाला. ते एडिटर त्यांनी खेळासोबत देऊन टाकलं. घेणाऱ्यानं खेळून संपवायचं आणि मग स्वतःचा खेळ रचायचा. कारमॅक यांचं लक्ष यंत्रातून जास्तीत जास्त वेग कसा काढायचा याकडे होतं, तर स्वीनी यांचं लक्ष खेळ बनवणाऱ्याच्या हातात काय द्यायचं याकडे. पुढच्या तीस वर्षांत अनरिअल का टिकलं, याचं उत्तर बरंचसं या फरकात सापडतं.

मे १९९८ मध्ये 'अनरिअल' हा खेळ आला. स्वीनी यांची कंपनी एपिक मेगागेम्स आणि कॅनडातली डिजिटल एक्स्ट्रीम्स यांनी तो मिळून केला होता. जेम्स श्माल्झ, क्लिफ ब्लेझिन्स्की आणि स्वीनी यांची काही वर्षांची मेहनत त्यात होती. कैद्यांचं यान एका अनोळखी ग्रहावर कोसळतं, खेळणारा त्यातून बाहेर पडतो आणि समोर मोकळं आकाश, दरी आणि धबधबा दिसतो. त्या काळचे बहुतेक गोळीबाराचे खेळ अंधाऱ्या बोळांत घडायचे, त्यामुळे हे दृश्य अनेकांच्या लक्षात राहिलं. धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाची होती ती खेळासोबतची 'अनरिअलएड' ही संपादनाची खिडकी. खोली रचणाऱ्याला भिंत सरकवली, दिवा लावला की परिणाम तिथल्या तिथे दिसे. इतर कंपन्यांनी या इंजिनासाठी पैसे मोजायला सुरुवात केली ती प्रामुख्यानं या सोयीमुळे. पुढच्या वर्षी एपिक नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी गेली, 'अनरिअल टूर्नामेंट' आला, आणि २००० मध्ये आयन स्टॉर्मनं याच इंजिनावर 'डेअस एक्स' केला. एकच दार किल्लीनं, संगणक फोडून किंवा स्फोटकानं उघडता येणारा हा खेळ आजही रचनेचा वस्तुपाठ मानला जातो. गोळीबारासाठी घडलेल्या इंजिनावर संवाद, गुपितं आणि नैतिक पेच यांचा खेळ उभा राहिला, याचं महत्त्व या पुस्तकानं ओळखलं आहे.

इंजिनाच्या पिढ्या पुढे एकामागून एक आल्या. दुसऱ्या पिढीवर अमेरिकी लष्करानं ४ जुलै २००२ रोजी 'अमेरिकाज आर्मी' हा भरतीसाठीचा मोफत खेळ आणला. तिसऱ्या पिढीचा चेहरा ठरला नोव्हेंबर २००६ मधला 'गिअर्स ऑफ वॉर'. त्यापाठोपाठ 'मास इफेक्ट', 'बॅटमॅन : अर्कम असायलम' आणि आयफोनवरचा 'इन्फिनिटी ब्लेड' आले. या काळावर एक टीका नेहमी होते, की सगळे खेळ सारखेच करडे-तपकिरी आणि चकचकीत दिसू लागले. टीका खरी आहे. अवजार सोपं झालं की त्याच्या सवयीही हातात उतरतात, आणि ज्या संघांकडे स्वतःचा चित्रकार खंबीर नव्हता त्यांचे खेळ इंजिनासारखे दिसले.

याच पिढीतला एक खटला पुस्तकात सविस्तर यायला हवा होता आणि तो तसा आला आहे. कॅनडातल्या सिलिकॉन नाइट्स या कंपनीनं २००७ मध्ये एपिकवर दावा लावला. इंजिन वेळेवर आणि नीट दिलं नाही, एपिकनं आपल्याच 'गिअर्स'ला झुकतं माप दिलं, अशी तक्रार होती. एपिकनं उलट दावा केला की सिलिकॉन नाइट्सनं आमचा कोड स्वतःच्या इंजिनात घुसवला. २०१२ मध्ये ज्यूरीनं एपिकच्या बाजूनं कौल दिला, सुमारे ४४.५ लाख डॉलर भरायला सांगितले, आणि त्या कोडवर बनलेल्या 'टू ह्यूमन' या खेळाच्या न विकलेल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश न्यायालयानं काढला. दुसऱ्याच्या इंजिनावर घर बांधताना किती खोलवर गुंतावं, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रत्येक स्टुडिओच्या करारात डोकावतो.

खरा पालट १९ मार्च २०१४ ला झाला. तोवर मोठ्या खेळासाठी अनरिअलचा परवाना ही पैसेवाल्या कंपन्यांची गोष्ट होती. २००९ मध्ये एक मर्यादित मोफत आवृत्ती आली होती, पण तिच्यात मूळ कोड नव्हता. चौथी पिढी महिन्याला १९ डॉलर आणि विक्रीवर पाच टक्के या बोलीवर, संपूर्ण कोडसकट, कुणालाही मिळू लागली. वर्षभरात, मार्च २०१५ मध्ये, महिन्याची फीही गेली. २०२० मध्ये पहिल्या दहा लाख डॉलरच्या कमाईपर्यंत रॉयल्टी माफ झाली. शिवाय 'ब्लूप्रिंट' नावाची सोय होती: कोड न लिहिता चौकटी आणि तारा जोडून खेळाचं तर्कशास्त्र बांधता येई. चित्रकला शिकलेल्या माणसाला प्रोग्रॅमरची वाट न पाहता दार उघडून, पूल पाडून बघता येऊ लागलं.

इथे कथा पुण्यात येते.

भारतात गेमचा धंदा बराच काळ जॉबवर्कवर चालला. बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ पासून, मुंबईची इंडियागेम्स १९९९ पासून. पुण्यात गेमलॉफ्टचा स्टुडिओ होता, तो २००८ मध्ये युबीसॉफ्टनं घेतला. परदेशी खेळांसाठी गाड्या, झाडं, शस्त्रं, कपडे यांची त्रिमितीय मॉडेलं बनवणं, जुना खेळ नव्या यंत्रावर बसवणं, चाचण्या घेणं अशा कामांत इथल्या हातांना उत्तम सफाई आली. पण खेळाचं स्वप्न आणि त्याचा मालक दुसरीकडे असायचा. पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकाला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, माल गिऱ्हाइकाचा, आणि आपल्या नावाचा एकही सुटा भाग बाजारात नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं या वाटेवरून बाहेर पडायचं ठरवलं. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या छोट्या संघानं 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' अनरिअल ४ वर रचायला घेतला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम उघडली, ती ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. तरी काम चालू राहिलं, पुढे प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० ला खेळ निन्टेन्डो स्विचवर आला. ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, भाऊ गोलूला महाबलासुराच्या तावडीतून सोडवायला निघालेली. तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांना सांगतात. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, पहाडी लघुचित्रांचे रंग, छायाबाहुल्यांनी सांगितलेल्या आख्यायिका, सगळं मऊ उन्हात न्हालेलं. तिसऱ्या पिढीच्या तपकिरी सारखेपणाचा मागमूसही नाही. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी 'राजी'ला नामांकन मिळालं. खेळ छोटा आहे, लढाईत काही ठिकाणी हात अडखळतो, शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. हे दोष समीक्षकांनी दाखवले आणि ते मान्य करायला हवेत. तरीही मोजक्या माणसांनी, आपल्या मातीतल्या चित्रभाषेत, जगभरच्या कन्सोलवर चालेल असा खेळ पुण्यात पुरा केला. २०१४-१५ चा परवान्यातला बदल झाला नसता तर एवढ्या लहान संघाला हे इंजिन परवडलंच नसतं, असं हे पुस्तक मांडतं, आणि ती मांडणी पटते.

२०२० च्या सुमारास अनरिअलचं दुसरं टोक आकुर्डी-निगडीच्या वसतिगृहांतल्या खोल्यांमध्ये होतं. 'पब्जी' मूळ २०१७ चा कोरियन खेळ, त्याची मोबाइल आवृत्ती २०१८ ची. दोन्ही अनरिअल ४ वर. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पब्जी मोबाइल होता. भारतासाठीची 'बीजीएमआय' ही आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये अडवली गेली, मे २०२३ मध्ये परतली. इंजिनाचं नावही न ऐकलेल्या लाखो मुलांनी रोज ते वापरलं.

आणि २०२० च्याच ऑगस्टमध्ये एपिक आणि अ‍ॅपल यांच्यात जुंपली. 'फोर्टनाइट' या आपल्या खेळात एपिकनं अ‍ॅपलला वगळून थेट पैसे घ्यायची सोय टाकली, अ‍ॅपलनं खेळ काढून टाकला आणि एपिकला आपली विकासाची साधनंही बंद करण्याचा इशारा दिला. तसं झालं असतं तर आयफोन आणि मॅकसाठी अनरिअल सांभाळणं कठीण झालं असतं, आणि भांडणाशी संबंध नसलेले शेकडो खेळ अडकले असते. २४ ऑगस्टला न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी फोर्टनाइट परत आणायला नकार दिला, पण इंजिनाला हात लावण्यापासून अ‍ॅपलला रोखलं. इंजिन आता एका कंपनीचा माल राहिलेलं नाही, इतरांच्या रोजीरोटीचा पाया झालं आहे, हे न्यायालयात असं नोंदलं गेलं.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यानं तीन वाटा ध्यानात ठेवाव्यात. पहिली घरच्या इंजिनाची: युबीसॉफ्टचं 'अ‍ॅन्व्हिल', ईएचं 'फ्रॉस्टबाइट', रॉकस्टारचं 'रेज'. मालकी पूर्ण, पण ते सांभाळायला फौज लागते. दुसरी परवान्याची. तिथे अनरिअलचा मोठा स्पर्धक युनिटी, कोपनहेगनमध्ये जन्मलेलं, २००५ पासून बाजारात, मोबाइल खेळांचं लाडकं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं आणि जगभरच्या छोट्या स्टुडिओंनी इतका विरोध केला की आधी नियम सौम्य झाले, मग प्रमुखांनी पद सोडलं आणि वर्षभरानं ते शुल्कच रद्द झालं. तिसरी वाट खुल्या कोडची. तिचा आजचा चेहरा म्हणजे हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर या दोघा अर्जेंटिनी प्रोग्रॅमरांचं 'गोडो', २०१४ पासून खुलं. युनिटीच्या गोंधळानंतर तिकडे ओघ वाढला. याच काळात पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा पब्जीच्या धाटणीचा बॅटल रॉयाल आणला आणि त्यामागच्या आपल्या तंत्राला 'इंडस इंजिन' असं नाव दिलं. इंजिनाच्या मालकीची आस इथेही जागी झाल्याची ती खूण आहे.

पाचवी पिढी एप्रिल २०२२ मध्ये आली. पूर्वी एकाच दगडाच्या जवळून, मधून, लांबून पाहायच्या वेगवेगळ्या आवृत्त्या कलाकाराला कराव्या लागत. 'नॅनाइट' कोट्यवधी त्रिकोणांचं मॉडेल घेऊन पडद्याला लागतील तेवढेच त्रिकोण आपोआप निवडतं. 'लुमेन' परावर्तित उजेड चालू खेळातच मोजतं. त्याआधी तो बहुधा तासन्‌तास गणित करून भिंतींवर आधीच उतरवून ठेवावा लागे. याची किंमत आहे: मध्यम ताकदीच्या संगणकावर असे खेळ धापा टाकतात आणि ऐन चालीत अडखळतात. भारतासारख्या ठिकाणी, जिथे बहुतेकांचा खेळ मोबाइलवर चालतो, ही टीका अधिक गंभीर ठरते.

आज हे पुस्तक मराठीत का हवं, याचं एक कारण खेळांच्या बाहेर आहे. २०१९ च्या 'द मँडलोरिअन' मालिकेत नटांमागे एलईडीची भिंत उभी करून त्यावर अनरिअलमधलं वाळवंट दाखवलं गेलं. बीएमडब्ल्यूनं २०१६ पासून गाडीचा आतला भाग बनण्याआधी तपासायला हे इंजिन वापरलं, आणि हमर ईव्हीच्या डॅशबोर्डवरची चित्रं तेच काढतं. एप्रिल २०२४ पासून एपिकनं खेळांबाहेरच्या मोठ्या कंपन्यांना माणशी वर्षाला १,८५० डॉलर आकारायला सुरुवात केली. मर्सिडीज, महिंद्रा, बजाज, टाटा यांचे कारखाने ज्या पट्ट्यात आहेत, तिथल्या डिप्लोमा-डिग्रीच्या मुलांनी ही विद्या केवळ करमणुकीची समजू नये. दुसरं कारण धोरणाचं. मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्ह्ज' ही दृक्‌श्राव्य आणि करमणूक उद्योगाची परिषद झाली, ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता देणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं स्वतंत्र धोरण मंजूर केलं. अनुदानं आणि अभ्यासक्रम येतील. त्यांतून जॉबवर्कचेच आणखी हात तयार होतात की 'राजी'सारखे मालकीचे खेळ, हे ठरवणाऱ्यांनी या इंजिनाचा इतिहास वाचलेला असावा.

म्हणून या पुस्तकानं खेळांची जंत्री केलेली नाही आणि कोड शिकवायचंही मनावर घेतलेलं नाही. प्रत्येक पिढीत इंजिनानं काय सोपं केलं, त्यामुळे कोण नव्यानं आत आलं आणि कुणाचं अवलंबन वाढलं, या तीन प्रश्नांवर ते टिकून राहतं. करार, खटले आणि परवान्यांचे दर यांना खेळांइतकीच जागा मिळाली आहे. काही वाचकांना ती जास्त वाटेल. या विषयात ती अत्यावश्यक आहे. वगळलेलंही बरंच आहे. चीन आणि कोरियातल्या स्टुडिओंनी अनरिअलचं काय केलं, हा एका वेगळ्या ग्रंथाचा ऐवज आहे.

मूळ १९९८ चा 'अनरिअल' एपिकनं डिसेंबर २०२२ मध्ये दुकानांतून काढून घेतला. 'ओल्डअनरिअल' या नावानं जमलेल्या स्वयंसेवकांनी तो नव्या संगणकांवर चालेल असा दुरुस्त करत ठेवला होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एपिकच्या परवानगीनं तो आणि 'अनरिअल टूर्नामेंट' इंटरनेट आर्काइव्हवरून मोफत उतरवून घेता येऊ लागले. पहिलं प्रकरण वाचण्याआधी वाचकानं हे करून पाहावं: यानातून बाहेर पडून धबधब्यापर्यंत जावं, मग खेळ थांबवून सोबतचं एडिटर उघडावं, तीच दरी त्यात शोधावी, एखादा दिवा उचलून दुसरीकडे ठेवावा आणि पुन्हा खेळून बघावं.